घर समतल ठेवायचं कसं? पास्कलच्या पिस्टनपासून मोटरहोमच्या जॅकपर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप देतोय. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "बेसिकली" जरा कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, याचा इतिहासाशी काय संबंध? विषय आहे हायड्रोलिक लेव्हलिंग सिस्टीम. अमेरिकेत लोक बसएवढ्या मोठ्या गाडीत घर थाटून फिरतात, त्याला आरव्ही म्हणतात. जिचं इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर असतं ती मोटरहोम. अशी गाडी मुक्कामाला लावली की खालून चार पाय निघतात, जमिनीला टेकतात आणि दहा टनांचं घर समतल करतात. हे पाय म्हणजे हायड्रोलिक जॅक. त्यातला भरवशाचा कुठला, हा प्रश्न माझ्या काकांनी मला विचारला.

काका-काकू ओहायोत राहतात. काका निवृत्त झालेत, त्यांचा एक गुडघा बदललेला आहे. घर भाड्याने देऊन वर्षभर मोटरहोममध्ये राहायचं आणि देश बघायचा, असा दोघांचा बेत. दोन जुन्या गाड्या बघून ठेवल्या होत्या. मला म्हणाले, "अरे, तू इंजिनिअर ना? मग सांग की, यातली कुठली घेऊ?" मी सॉफ्टवेअरवाला. बीटेकला पहिल्या वर्षी फ्लुइड मेकॅनिक्सचा जो स्पर्श झाला तेवढाच. पण काकांची साठवलेली रक्कम त्यात जाणार होती, आणि रात्री ते दोघं त्या जॅकवर झोपणार होते. म्हणून "बघतो काका" म्हटलं आणि वाचायला बसलो. वाचता वाचता जाणवलं की निवडीचे जवळपास सगळे निकष इतिहासातच सापडतात. तेच आज सांगतो.

आधी हे सांगा, समतल कशाला हवं?

आपल्याकडे गवंडी पाण्याची पारदर्शक नळी धरून पाणसळ बघतो, कारण भिंत तिरकी गेली तर छप्पर बसत नाही. मोटरहोमचं कारण वेगळं आहे, ते म्हणजे फ्रिज.

१९२२ मध्ये स्टॉकहोमच्या तंत्रज्ञान संस्थेतल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी एक फ्रिज बनवला. त्यात कॉम्प्रेसर नाही, मोटर नाही, हलणारा एकही भाग नाही. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. एका बाजूने उष्णता द्यायची, मग ती गॅसच्या ज्योतीची असो की विजेची, आणि दुसऱ्या बाजूला थंडावा मिळतो. इलेक्ट्रोलक्स कंपनीने १९२५ च्या सुमारास तो बाजारात आणला. जिथे वीज नाही तिथे सिलिंडरवर फ्रिज चालतो म्हटल्यावर फिरत्या घरांसाठी तो वरदानच ठरला.

पण यात एक मेख आहे. आतला द्रव पंपाने फिरत नाही, उतारानं आपला आपण वाहतो. गाडी तिरकी उभी राहिली की द्रव चुकीच्या कोपऱ्यात साचतो, तापणारा भाग कोरडा पडतो आणि जास्त तापतो. गंज लागू नये म्हणून घातलेलं रसायन तिथे खड्यासारखं जमतं आणि नळी तुंबते. एकदा तुंबली की फ्रिज संपला. म्हणून उत्पादक साधारण सांगतात की आडव्या दिशेला ३ अंश आणि लांबीच्या दिशेला ६ अंशांपेक्षा जास्त कल नको. डोळ्यांना ३ अंश कळतही नाहीत, चहाच्या कपात मात्र कळतात.

आता बऱ्याच नव्या गाड्यांत बॅटरीवर चालणारे कॉम्प्रेसर फ्रिज येतात, त्यांना कल इतका बाधत नाही. पण दुसरी कारणं राहतातच. न्यूमार कंपनीने १९९० च्या सुमारास मोटरहोमला बाहेर सरकणाऱ्या खोल्या दिल्या. या खोल्या पिळलेल्या सांगाड्यात अडकतात. पुढची मोठी काच ताण आला की तडकते. आणि तिरक्या पलंगावर झोपून पाठ धरते ती वेगळीच.

पास्कलचा हिशेब

आता जरा मागे जाऊ. फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कल नावाचा माणूस होता. द्रवांच्या संतुलनावरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये छापला गेला. त्यातली कल्पना अशी: पाण्याने भरलेल्या बंद भांड्याला दोन तोंडं आहेत, एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठं. दोन्हींवर पिस्टन बसवले, तर लहान पिस्टन दाबणारा एक माणूस मोठ्या पिस्टनवरच्या शंभर माणसांच्या जोराची बरोबरी करतो. पण फुकट काहीच नाही बरं का. लहान पिस्टन शंभर सेंटीमीटर खाली गेला, तर मोठा एकच सेंटीमीटर वर येतो. ताकद वाढवली की अंतर घटतं. मोटरहोमचा जॅक हळूहळू का वर येतो, याचं उत्तर इतकं जुनं आहे.

आजच्या आकड्यांत मांडू. समजा जॅकचा पिस्टन ५ सेंटीमीटर व्यासाचा आहे. त्याचं क्षेत्रफळ साधारण २० चौरस सेंटीमीटर. पंपाने दर चौरस सेंटीमीटरला २०० किलो दाब दिला, तर एक जॅक ४ टनांच्या आसपास उचलतो. मनगटाएवढ्या दांड्यावर ४ टन!

पण पास्कलने हे यंत्र बाजारात आणलं नाही. त्यानंतर जवळपास १३० वर्षं गेली. एवढा वेळ का लागला? तत्त्व तर कळलेलंच होतं. अडलं होतं ते पिस्टनच्या कडेने निसटणाऱ्या पाण्यावर. मंडळी, हायड्रोलिक्सचा इतिहास म्हणजे खरं तर गळती थांबवण्याचा इतिहास आहे.

कुलूपवाला ब्रामा आणि पगारवाढ न मिळालेला मॉडस्ले

लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाचा कुलूप बनवणारा कारागीर होता. आपलं कुलूप कुणी उघडून दाखवा आणि २०० गिनी घेऊन जा, अशी पाटी त्याच्या पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत झळकत असे. ते कुलूप १८५१ पर्यंत कुणालाच उघडलं नाही. याच ब्रामाने १७९५ मध्ये हायड्रोलिक प्रेसचं पेटंट घेतलं.

प्रेस तर झाला, पण दाब वाढवला की पिस्टनच्या कडेने पाणी सुटायचं. कडेला घट्ट भरणा ठासला तर पिस्टनच अडकायचा. हा तिढा सोडवण्याचं श्रेय त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ले या तरुणाला दिलं जातं. त्याने चामड्याची वाटी बसवली, तिची कड दाबाच्या दिशेने वळवलेली. पाण्याचा दाब वाढला की तोच दाब वाटीची कड भिंतीवर दाबून धरतो, दाब गेला की कड सैल. म्हणजे गळती करणाराच गळती थांबवतो. सायकलच्या जुन्या पंपात जो चामड्याचा वायसर असायचा, तो याच घराण्यातला.

१७९७ मध्ये मॉडस्लेने आठवड्याला ३० शिलिंगपेक्षा जास्त पगार मागितला. ब्रामाने नकार दिला. मॉडस्ले बाहेर पडला, स्वतःचा कारखाना काढला आणि इंग्लंडच्या यंत्रनिर्मितीतला मोठा माणूस झाला. अप्रेझलच्या मोसमात ही गोष्ट मॅनेजरला जरूर ऐकवा.

या वाटीची एक शाखा आपल्या महाराष्ट्रातही आहे. गावोगावच्या हापश्यात खाली जो पिस्टन चालतो, त्याला अशाच वाट्या असतात. जालन्यात मिशनच्या लोकांनी मजबूत हापसा बनवला, त्यावरून सोलापूरचा पंप आला, आणि त्या अनुभवातून १९७० च्या दशकात इंडिया मार्क टू हा हापसा तयार झाला, जो नंतर जगभर गेला. त्यातल्या चामड्याच्या वाट्या झिजायच्या, मग हापसा कितीही मारा, पाणी येईना. पुढे नायट्राइल रबराच्या वाट्या आल्या आणि त्या जास्त टिकल्या. लोखंडाला काही झालेलं नसतं, पूर्ण गाव दोन बोटांच्या वाटीवर अवलंबून असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, जॅक निवडताना कामाला येईल.

पुलावरचा एक दिवस

आता वेल्समध्ये जाऊ. १८४९ साल. मेनाई सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीफन्सन रेल्वेचा ब्रिटानिया पूल बांधतोय. दीड हजार टनांहून जड अशा लोखंडी नळ्या, ज्यांच्या आतून रेल्वे जाणार. त्या तराफ्यांवरून पाण्यात आणायच्या आणि हायड्रोलिक प्रेसने शंभर फुटांवर उचलायच्या. तेव्हा एवढं वजन असं कुणी उचललेलं नव्हतं.

स्टीफन्सनचा हट्ट होता की नळी जसजशी वर जाईल तसतसं तिच्या टोकांखाली बांधकाम भरत जायचं. काम रेंगाळायचं. प्रेस तर मजबूत आहे, मग हे कशाला, असं कुणालाही वाटावं. ऑगस्टमध्ये उचलण्याचं काम चालू असताना प्रेसचा सिलिंडर फुटला. नळी खाली आली, पण काहीच इंच, कारण खाली भरणा होता. तो नसता तर नळी आणि पूल दोन्ही गेले असते. १८५० मध्ये पूल सुरू झाला.

हे वाचताना मला काकूंचा प्रश्न आठवला. काकांचे प्रश्न दाब आणि किमतीबद्दल होते. काकूंनी एकच विचारलं होतं, "आम्ही झोपलेले असताना तो जॅक बसला तर?" उत्तर ब्रिटानिया पुलात आहे. मोटरहोमची चाकं जमिनीवर टेकलेली असतील तर जॅक बसल्यावर गाडी स्प्रिंगांवर येते, थोडी कलते. भांडी वाजतील, झोपमोड होईल, बस. चाकं हवेत असतील तर मात्र गोष्ट वेगळी. त्यात बऱ्याच मोटरहोमचा पार्किंग ब्रेक मागच्या चाकांनाच धरतो. मागची चाकं उचलली की ब्रेकचा उपयोग शून्य, आणि गाडी जॅकवरून घसरू शकते. म्हणून नियम असा: उतार जास्त असेल तर चाकांखाली फळ्या घाला किंवा जागा बदला, पण मागची चाकं हवेत उचलू नका. आणि नुसत्या हायड्रोलिक जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. खाली लोखंडी स्टँड किंवा लाकडी ठोकळे लावले नसतील तर एक बोल्ट कसण्यासाठीसुद्धा नाही. द्रव उचलतो, पण धरून ठेवायला घन वस्तू लागते.

जाता जाता आणखी एक. ब्रुनेलचं ग्रेट ईस्टर्न हे अजस्र जहाज नोव्हेंबर १८५७ मध्ये पाण्यात ढकलायला सुरुवात केली, ते हलेना. शेवटी बर्मिंगहॅमच्या टँगी बंधूंचे हायड्रोलिक जॅक लावून ३१ जानेवारी १८५८ ला ते टेम्स नदीत उतरलं. त्यावर टँगींचं नाव झालं. याच जहाजाने १८७० मध्ये एडन ते मुंबई समुद्राखालून तारेची केबल टाकली. म्हणजे आपल्या मुंबईच्या तारेमागेही कुठेतरी जॅक आहे.

पाणी गेलं, तेल आलं, रबरी कडं आलं

एकोणिसाव्या शतकात हायड्रोलिक म्हणजे पाणीच. लंडनमध्ये १८८३ पासून एक कंपनी रस्त्याखालच्या नळांतून दाबाचं पाणी विकायची, त्यावर लिफ्ट आणि क्रेन चालत. ती १९७७ पर्यंत चालू होती! पण पाणी थंडीत गोठतं आणि लोखंड गंजवतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन युद्धनौकांवर तोफा हलवण्यासाठी तेलाची हायड्रोलिक यंत्रणा बसवली गेली. तेल गोठत नाही, गंजू देत नाही आणि स्वतःच वंगणही होतं.

मग आला नील्स क्रिस्टेन्सन. डेन्मार्कमध्ये जन्मलेला, अमेरिकेत स्थायिक झालेला. वयाच्या सत्तरीनंतर, १९३७ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १९३९ मध्ये ते मिळालं. शोध कसला? एका खाचेत बसवलेलं रबराचं गोल कडं, म्हणजे ओ-रिंग. खाच कड्याच्या जाडीपेक्षा थोडी रुंद ठेवायची, म्हणजे ते टिकतं, एवढीच युक्ती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने हा शोध ताब्यात घेऊन सगळ्या उत्पादकांना खुला केला आणि त्याला ७५ हजार डॉलर दिले. आज घरातल्या मिक्सरपासून विमानापर्यंत ओ-रिंग आहे.

ट्रॅक्टरने हायड्रोलिक घरोघरी नेलं

तोपर्यंत हायड्रोलिक ही बंदरांची आणि कारखान्यांची गोष्ट होती. ती सामान्य माणसाच्या हाती दिली हॅरी फर्ग्युसनने. उत्तर आयर्लंडच्या या माणसाने ट्रॅक्टरच्या मागे तीन बिंदूंवर नांगर जोडला आणि तो हायड्रोलिकने वर-खाली केला. १९३६ मध्ये त्याचा ट्रॅक्टर बाजारात आला. १९३८ मध्ये हेन्री फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर करार झाला आणि १९३९ मध्ये दोघांचा ट्रॅक्टर आला. फोर्डच्या नातवाने तो करार मोडल्यावर फर्ग्युसन कोर्टात गेला आणि १९५२ मध्ये तडजोडीत ९२.५ लाख डॉलर मिळवले. आज आपल्या कुठल्याही गावात "हायड्रोलिक" म्हटलं की पोरगंसुद्धा ट्रॅक्टरच्या मागे बोट दाखवतं.

अमेरिकेत याचा परिणाम असा झाला की आयोवा, इंडियाना, मिशिगन या शेतीच्या पट्ट्यात गल्लोगल्ली हायड्रोलिक दुरुस्त करणारे तयार झाले. आणि योगायोग बघा, मोटरहोमचा धंदाही याच पट्ट्यात वाढला. विनेबॅगो ही कंपनी आयोवातल्या फॉरेस्ट सिटीची. १९६६ पासून तिने मोटरहोम कारखान्यातल्या साखळीवर, त्यामुळे स्वस्तात, बनवायला सुरुवात केली. इंडियानातलं एल्कहार्ट तर या धंद्याची राजधानी, आरव्हीचं संग्रहालयही तिथेच. लेव्हलिंगची यंत्रणा बनवणारी एचडब्ल्यूएच आयोवातल्या मॉस्को नावाच्या गावातली. लिपर्ट आणि इक्वलायझर या दोन्ही एल्कहार्टच्या.

त्याआधी लोक काय करायचे? १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पाला "टिन कॅन टूरिस्ट्स" नावाची भटक्यांची संघटना झाली. त्या काळात गाडी लावायची, पाण्याचा पेला ठेवून कल बघायचा आणि चाकाखाली फळ्या सारायच्या. आजही लहान गाड्यांचे लोक हेच करतात आणि त्यात काही कमीपणा नाही. १९७३ मध्ये जनरल मोटर्सच्या जीएमसी मोटरहोमने वेगळी वाट धरली: मागच्या चाकांना हवेचे फुगे, त्यांत हवा कमी-जास्त करून चालकाच्या सीटवरूनच गाडी समतल करायची. १९७८ मध्ये ती बंद झाली, तोवर सुमारे १३ हजार गाड्या बनल्या होत्या. हवेची पद्धत आजही आहे, पण आत माणूस चालला की गाडी डुलते. जड गाडीला स्थिर पाय हवे असतील तर हायड्रोलिक. हलक्या ट्रेलरला विजेच्या मोटरवरचे स्क्रू-जॅक बरे, कारण स्क्रू आपोआप खाली घसरत नाही आणि तेलाची भानगड नाही. पण दहा टन उचलताना त्या मोटरची दमछाक होते.

तर मग निवडायचं कसं?

काकांना जे लिहून पाठवलं ते इथे देतो.

पहिलं, पाय तीन की चार? तीन बिंदूंवर वस्तू कधी डगमगत नाही. चुलीला तीन दगड असतात ते उगाच नाही. तीन जॅकमध्ये सांगाडा पिळला जायची भीती कमी. चार जॅक जास्त स्थिर, पण एकेक करून कोपरा उचलला तर सांगाडा पिळतो आणि पुढची काच गेलीच म्हणून समजा. म्हणून चार असतील तर ते जोडीने चालणारे हवेत: पुढचे दोन एकदम, मागचे दोन एकदम, डावे दोन, उजवे दोन.

दुसरं, सरळ की दुमडणारे? दुमडणारे जॅक प्रवासात आडवे राहतात, त्यामुळे जमिनीपासून उंची चांगली मिळते. पण दुमडायला जास्त सांधे आणि स्प्रिंगा लागतात. सरळ जॅकमध्ये भाग कमी. मात्र ते वर न घेता गाडी काढली तर दांडा वाकतो, म्हणून धोक्याची घंटी वाजणारी यंत्रणा हवीच.

तिसरं, क्षमता. गाडीचं एकूण वजन भागिले चार, असा हिशेब करू नका. वजन कधीच समान वाटलेलं नसतं, मागच्या धुरीवर जास्त असतं. धुरीनिहाय वजन काट्यावर करून घ्या आणि त्यावर मोकळी जागा ठेवा.

चौथं, वीज. ज्याला लोक "हायड्रोलिक बिघडलं" म्हणतात, ते पुष्कळदा बॅटरीचं, अर्थिंगचं किंवा गंजलेल्या कनेक्शनचं दुखणं असतं. १२ व्होल्टचा पंप सहज शंभर अँपिअर ओढतो. पंपाकडे संशयाने बघण्याआधी जाडी वायर बघा.

पाचवं, हाताने सोडवता येतं का? रानात कंट्रोलर मेला तर व्हॉल्व्ह हाताने उघडून जॅक वर घेता आले पाहिजेत. तो व्हॉल्व्ह कुठे आहे, हे विकत घ्यायच्या आधी विक्रेत्याला दाखवायला सांगा. काकांचा गुडघा बघता ते गाडीखाली न झोपता हाताला यायला हवं.

सहावं, तेल कधी बघायचं? सगळे जॅक आत घेतल्यावरच. जॅक बाहेर असताना टाकी कमी दिसते, तेव्हा भरलं की आत घेताना तेल सांडतं.

आणि सातवं, सगळ्यात महत्त्वाचं: रात्रभराची चाचणी. जॅक लावायचे, दांड्यांवर खूण करायची आणि सकाळी मोजायचं. तेल थंडीत आकसतं. ३० सेंटीमीटरचा तेलाचा स्तंभ २० अंशांनी थंड झाला तर साधारण ४ मिलिमीटर कमी होतो. चारही जॅक थोडे थोडे आणि सारखेच खाली आले तर ते हवामान. एकच जॅक खूप खाली आला तर तो आजार. मग जमिनीवर बघायचं. तेलाचा डाग असेल तर बाहेरचा सील किंवा नळी. डाग नसेल तर तेल आतल्या आत परत टाकीत जातंय, म्हणजे व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

काकांनी दोन्ही गाड्यांवर ही चाचणी करून घेतली. पहिली गाडी खालून अगदी कोरडी आणि स्वस्त, काकांचं मन तिच्यावर होतं. सकाळी तिचा एक जॅक दोन सेंटीमीटर बसलेला, खाली थेंबही नाही. म्हणजे व्हॉल्व्ह. शिवाय तिच्या कंट्रोलरचं उत्पादन बंद झालेलं, नवा सुटा मिळत नव्हता. दुसरीखाली लाल तेलाचा डाग होता, म्हणून काका तिला नाक मुरडत होते. पण तिचे चारही जॅक ३-४ मिलिमीटरच उतरले होते आणि डाग एका नळीच्या जोडाखाली होता. मी म्हटलं, "काका, जी गळती दिसते ती दुरुस्त होते. तुम्ही डागवाली घ्या, आणि नळीचे पैसे किमतीतून कमी करून घ्या." आमच्या धंद्यातही असंच आहे. लॉगमध्ये लाल अक्षरांत ओरडणारी चूक परवडते. काही न बोलता चुकीचं उत्तर देणारा कोड नोकरी खातो. काकांनी दुसरी घेतली, नळी बदलली. फळ्या आणि स्टँड काकूंनी स्वतः जाऊन आणले.

पास्कलचं तत्त्व साडेतीनशे वर्षांत बदललेलं नाही, आणि कुठल्याही कंपनीचा जॅक त्याच तत्त्वावर चालतो. त्यामुळे "कुठली कंपनी भारी" या वादात फार पडू नका. सील कसे आहेत, सुटे भाग मिळतात का, दुरुस्त करणारा जवळ आहे का, आणि सगळं फसलं तर खाली काय आहे, एवढं विचारा. हे चार प्रश्न हापश्यालाही लागू आहेत, ट्रॅक्टरलाही आणि सर्व्हरलाही.

तर मंडळी, आज इथेच थांबतो. तुमच्याकडे ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकचा किंवा गावातल्या हापश्याचा एखादा किस्सा असेल तर जरूर कळवा, पुढच्या एखाद्या भागात घेऊ. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या.